चार हात अंतरावरून

सासवडला माउलींच्या पालखीचा मुक्काम दोन दिवसांचा. दिवेघाट चढून आलेले पाय इथे विसावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या रानात राहुट्यांच्या दोऱ्यांवर लुगडी वाळत असतात, कुणी टाचेच्या भेगेत तेल जिरवत असतं, कुणी तुटलेल्या चपलेला दाभण घालत असतं. चालताना आवळलेले चेहरे अशा वेळी सैल पडलेले असतात. माझी एक मैत्रीण पोर्ट्रेट काढते. गेली काही वर्षं ती नेमकी याच सकाळी इथे येते. यंदा तिच्या मागोमाग मीही गेलो.

ट्रकच्या सावलीत सत्तरी ओलांडलेली एक बाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मैत्रिणीनं खांद्यावरची बॅग उतरवून जमिनीवर ठेवली, समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "माउली, तुमचा फोटो काढू का?"

"काढ की माय. पण मला दावशील का?"

"पुढच्या वारीला आणून देते."

मैत्रीण उठली, चार पावलं मागे सरकली आणि तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. बाईनं पदर सारखा केला, दोन-तीन फोटो होऊ दिले. मग हात हलवून म्हणाली, "तिथून काय काढतीस? जवळ ये की."

मैत्रीण जवळ गेली आणि लेन्स अडली. कॅमेऱ्याला ८५ मिमीची लेन्स लावलेली होती. ८० सेंटिमीटरच्या आतलं तिला दिसतच नाही. फोकस मागेपुढे घुटमळत राहिला. मग तिनं बॅगेतून ५० मिमीची छोटी लेन्स काढली, बदलली आणि सरळ त्या बाईच्या शेजारी मांडी घालून बसली.

दोन्ही फोटो मी संध्याकाळी एकापुढे एक ठेवून पाहिले. पहिल्यात चेहरा आहे, एखाद्या घडवलेल्या मूर्तीसारखा शांत, कुंकवाच्या मोठ्या टिळ्याखाली मिटत आलेले डोळे. दुसऱ्यात चेहऱ्याबरोबर सूप आलंय, तांदळानं पांढरी झालेली बोटं आलीत, आणि जिला आपण जवळ बोलावलं तिच्याकडे बघतानाचं हसू आलंय. बाई तीच, ऊन तेच, मधे जेमतेम पाच मिनिटं गेलेली. लेन्सपेक्षाही बदललं होतं ते दोघींमधलं अंतर.

या अंकासाठी संपादकांनी 'चेहरा' असा विषय दिला, तेव्हा चेहऱ्यांपेक्षा ते टिपणाऱ्यांकडे बघावंसं मला वाटलं. त्यांच्या हातात कोणती लेन्स असते, खांद्यावर कोणती बॅग असते, आणि तीच का? या दोन गोष्टींवर हे लोक तासन् तास बोलतात. बाहेरच्याला ती वस्तूंची हौस वाटते. पण थोडं ऐकत बसलं की कळतं, विषय वस्तूंचा नसून समोरच्या माणसापासून किती लांब उभं राहायचं हा आहे.

नाक, कान आणि पट्टी

८५ मिमीनं चेहरा सुंदर येतो आणि २४ मिमीनं नाक मोठं होतं, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. नाक लेन्समुळे मोठं होत नाही. आपण जवळ जातो म्हणून होतं.

घरी पट्टी घेऊन मोजलं तर नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर साधारण १२ सेंटिमीटर भरतं. आता कॅमेरा नाकापासून एक हातावर, म्हणजे दीड फुटावर, ४५ सेंटिमीटरवर धरा. नाक ४५ वर आणि कान ५७ वर. कानाच्या मानानं नाक चांगलं पाव हिश्श्यानं मोठं दिसणार. फोनवर स्वतःचा फोटो काढताना आपण साधारण याच अंतरावर असतो, म्हणून त्यातला चेहरा आपल्याला आपला वाटत नाही. तोच कॅमेरा चार हात लांब, म्हणजे सहा फुटांवर न्या. नाक १८३ वर, कान १९५ वर. फरक उरतो सहा-सात टक्के. समोर बसून गप्पा मारताना आपण माणसाला जसं बघतो, तसा चेहरा दिसू लागतो.

एखाद्यापासून चार हात लांब राहा, असं आपण म्हणतो तेव्हा त्यात सावधगिरी असते, थोडं भय असतं. पोर्ट्रेटच्या कामात हेच चार हात आदराचे ठरतात. माणसाच्या अंगावर न जाता त्याला नीट बघता येईल एवढे.

मग लेन्स काय करते? त्या अंतरावरून चित्रात किती माणूस मावेल ते ठरवते. पूर्ण आकाराचा सेन्सर असलेला कॅमेरा उभा धरून चार हातांवर उभे राहिलात, तर ३५ मिमीच्या लेन्समध्ये अख्खा माणूस पायांसकट मावतो, ५० मिमीमध्ये डोक्यापासून मांड्यांपर्यंत, ८५ मध्ये छातीच्या खालपर्यंत, आणि १३५ मध्ये चेहरा नि खांदे. ८५ ला 'पोर्ट्रेट लेन्स' म्हणतात ते याचसाठी. फक्त चेहरा हवा असला तरी ती तुम्हाला फार जवळ जाऊ देत नाही, आणि बोलणं ऐकू येणार नाही इतकं लांबही पाठवत नाही. २०० मिमीनं चेहरा आणखी सपाट, आणखी गोंडस येतो. पण तेवढ्यासाठी इतकं मागे जावं लागतं की "हनुवटी जरा खाली घ्या" हे ओरडून सांगावं लागतं. ओरडून सांगितल्यावर हनुवटी खाली येते, पण चेहराही आवळला जातो.

दहा बाय बाराची खोली

मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार म्हणजे कॅमेरावाल्यांची पेठ. सीएसएमटीहून चालत पाच-सात मिनिटं. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना काचेच्या कपाटांत मांडलेल्या लेन्स, छत्र्या, ट्रायपॉड, आणि माळ्यांवर दुरुस्तीची दुकानं. एका दुकानाच्या काउंटरपाशी मी दुपारभर उभा राहिलो.

खेडहून आलेला एक तरुण होता. गावात साखरपुडे, बारशी, डोहाळजेवणं अशी कामं करतो. सेन्सर लहान असलेला कॅमेरा, त्याबरोबर आलेली झूम लेन्स, आणि खिशात साठवलेले पैसे. त्याला ८५ एफ/१.८ हवी होती. दुकानदारानं लेन्स काढून दिली, पण देताना विचारलं, "दादा, फोटो काढता कुठे? अंगणात की घरात?"

"बहुतेक घरात."

"खोली केवढी असते?"

हा प्रश्न कुठल्याही जाहिरातीत नसतो, आणि खरेदीचं निम्मं उत्तर यातच असतं. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लेन्सचा घेर दीड पटीनं आवळतो. ८५ ची लेन्स तिथे जवळपास १३० सारखी वागते. तिच्यातून उभी नवरी पायांपर्यंत घ्यायची तर एकवीस-बावीस फूट मागे जावं लागेल. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे एका भिंतीला कपाट आणि दुसरीला पाहुणे टेकलेले, तिथे एवढं मागे जाणं म्हणजे दारातून पडवीत, पडवीतून अंगणात. त्याच कॅमेऱ्यावर ५० ला साडेबारा फूट लागतात आणि ३५ ला नऊ.

तो तरुण बराच वेळ दोन्ही लेन्स आलटून पालटून लावून बघत होता. दुकानदारानं घाई केली नाही. शेवटी त्यानं ३५ घेतली आणि ५० एफ/१.८ जुन्यातली बघतो म्हणाला. मला वाटतं त्यानं बरोबर केलं. आपल्याकडची घरं लहान आहेत, आणि आपल्याकडचे महत्त्वाचे चेहरे बहुतेक घरांतच असतात: देवघरासमोर, पाळण्यापाशी, ओटीच्या ताटामागे. मोकळी मैदानं आणि लांबलचक पडदे लावलेले स्टुडिओ बघून ठरवलेली लेन्स इथे भिंतीला पाठ टेकून हरते.

जुनी लेन्स कशी बघायची, हे त्याच काउंटरवर शिकायला मिळालं. आधी दोन्ही झाकणं काढायची, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, पूर्ण उघडायचं आणि मागून बॅटरी मारायची. धूळ थोडी दिसणारच, तिचं फारसं वाईट वाटून घेऊ नये. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर लेन्स परत ठेवायची. दुधी पडदा दिसला तरी ठेवायची. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल चमकत असेल तर ती पाती आज ना उद्या चिकटणार. फिल्टरच्या आट्यांवर चेपल्याची खूण असेल तर लेन्स पडलेली आहे. आणि सगळं ठीक दिसलं तरी अ‍ॅपर्चर उघडं ठेवून दुकानातल्याच कुणाचा तरी फोटो काढायचा, डोळा मोठा करून बघायचा. दुकानातला पोऱ्या दिवसातून असा किती वेळा उभा राहतो कोण जाणे. पण दर वेळी केस नीट करून उभा राहतो.

कान हवा

एफ/१.८, एफ/१.४, एफ/१.२. आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं, प्रकाश जास्त, मागचं सगळं विरघळलेलं, आणि किंमतही चढती. आज पोर्ट्रेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ही विरघळलेली पार्श्वभूमी येते. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसमध्ये 'पोर्ट्रेट' नावाची सोय आली आणि पुढे ती जवळपास सगळ्या फोनांत पसरली. फोन पार्श्वभूमी हिशेबानं पुसतो. म्हणून मोकळ्या केसांच्या बटांपाशी, चष्म्याच्या कडेपाशी त्याची फसगत होते. लेन्सचं पुसणं अंतराप्रमाणे हळूहळू वाढत जातं, त्यामुळे ते डोळ्याला खरं वाटतं.

पण खरी लेन्सही जपून वापरावी लागते. ८५ मिमी, चार हात अंतर, एफ/१.४: स्पष्ट दिसणारा पट्टा चार सेंटिमीटरपेक्षाही थोडा कमी. फोकस डोळ्यावर ठेवला तर त्याच्या पुढे जेमतेम दोन सेंटिमीटर. नाकाचा शेंडा त्याच्या पुढे जातो. म्हणजे नवरीच्या पापण्या एकेक मोजता येतील, आणि जिच्यासाठी आजीनं पेटी उघडली ती नथ धूसर. एफ/१.८ ला पट्टा पाच सेंटिमीटर होतो, एफ/४ ला अकरा, एफ/५.६ ला पंधरा.

माझी मैत्रीण वारीत बहुतेक वेळा एफ/५.६ वर असते. का, असं विचारल्यावर तिनं बॅगेतून गेल्या वर्षीचा एक फोटो काढून दाखवला. एका वारकरी बाईचा, थोडा बाजूनं. डोळा स्पष्ट आहे, गालावरच्या सुरकुत्या आहेत, आणि कानाच्या वरच्या कडेला मोत्याची बुगडी आहे, तिचा एकेक दाणा मोजावा अशी. "मला कान हवा असतो," ती म्हणाली. "बायका आयुष्यभर जे घालतात ते कानात, नाकात, गळ्यात असतं. ते पुसून मी फक्त डोळे ठेवले तर ती कुठली, कोण, काहीच राहणार नाही." मागे ट्रकचं फळकूट आणि वाळणारी लुगडी थोडी दिसतात. मला ती दिसायलाच हवी होती असं वाटतं.

उघडं अ‍ॅपर्चर ही दिवेलागणीची सोय आहे. समईच्या उजेडात, लग्नमंडपाच्या कोपऱ्यात, कीर्तनात रात्री अकराला एफ/१.८ नसेल तर फोटोच नाही. त्यासाठी ती लेन्स घ्यावी. दर फोटोत ती पूर्ण उघडायलाच हवी असा दंडक मात्र कुणी घातलेला नाही.

व्हिएन्नातलं गणित

खास चेहऱ्यासाठी बनलेली पहिली लेन्सही प्रकाशाच्या भुकेतूनच आली. १८३९ मध्ये दागेरनं छायाचित्र काढण्याची आपली रीत जाहीर केली तेव्हा माणसाला मिनिटं न् मिनिटं उन्हात निश्चल बसावं लागे. १८४० मध्ये व्हिएन्नातल्या जोसेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकानं लेन्सची रचना कागदावर गणित करून काढली. तोफखान्यातली आकडेमोडीत तरबेज माणसं त्याच्या मदतीला दिली होती असं सांगतात. फॉइग्टलेंडर या लेन्सकारानं ती घडवली. एफ/३.६ च्या आसपासची ती लेन्स आधीच्या लेन्सपेक्षा पंधरापटीहून जास्त प्रकाश आत घेई. बसण्याचा वेळ मिनिटावर आणि त्याच्याही खाली आला. मधला चेहरा लखलखीत आणि कडेला पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरलेली, हा तिचा दोष. आज लोक तो मुद्दाम विकत घेतात.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले आणि तिथून शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी शहरात चेहऱ्यांचा व्यवसाय थाटला. पुढे १९२८ पासून बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ आला, फाळणीनंतर दादरचा इंडिया फोटो स्टुडिओ आला, जिथे जे. एच. ठक्कर यांनी सिनेमातले चेहरे दिव्यांनी घडवले. स्टुडिओत बॅगेचा प्रश्नच नव्हता. कॅमेरा जागेवर, खुर्ची जागेवर, मधलं अंतर जमिनीवर ठरलेलं. माणूस घरून न्हाऊन, इस्त्री करून यायचा. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांनी लतादीदींपासून कितीतरी चेहरे टिपले, त्यांत मला नेहमी जाणवतं ते समोरच्याचं निर्धास्तपण. ते लेन्समधून येत नाही. बसल्या बसल्या झालेल्या बोलण्यातून येतं.

स्टुडिओ सुटला, छायाचित्रकार माणसाच्या दारात जाऊ लागला, आणि बॅग आली.

बॅग उघडते तेव्हा

बॅगेविषयी लोकांना पहिला प्रश्न पडतो तो किती मावेल हा. वजन करून बघावं. कॅमेरा बॉडी साधारण ७०० ग्रॅम. ५० एफ/१.८ च्या साध्या लेन्स १६० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका मोठ्या केळ्याएवढ्या. ८५ एफ/१.८ साडेतीनशे-चारशे ग्रॅम. हे तिन्ही मिळून सव्वा किलो. आता ७०-२०० एफ/२.८ घ्या, ती एकटीच एक ते दीड किलोच्या घरात जाते. ती घेतली की मोठी बॅग आली, मोठी बॅग आली की रिकामे कप्पे खुपतात, मग त्यांत फ्लॅश, दुसरी बॉडी, चार्जर. सकाळी सातला खांद्यावर घेतलेले सहा किलो दुपारी दोनला माणसाला खाली वाकू देत नाहीत. आणि वारीत, बारशात, शेताच्या बांधावर, चेहरा बहुतेक वेळा खाली वाकल्यावरच सापडतो.

फिलाडेल्फियातल्या इन्क्वायरर या दैनिकाच्या जिम डोम्के या छायाचित्रकारानं १९७० च्या दशकाच्या मध्यावर स्वतःसाठी जाड कापडाची, जवळपास बिनफोमची बॅग शिवून घेतली. अंगाला चिकटून राहावी आणि हात घातला की लेन्स लागावी, एवढंच त्याला हवं होतं. इंग्लंडमध्ये बिलिंगहॅम या कंपनीनं मासे पकडणाऱ्यांसाठी बॅगा शिवायला सुरुवात केली, आणि त्या छायाचित्रकारांनी उचलल्या. दोन्ही बॅगा कॅमेऱ्याच्या दिसत नाहीत, हा त्यांचा गुण. आपल्याकडे शबनम बॅग होतीच. पातळ फोमची एक पेटी तिच्या तळाला बसवली की तीही तेच काम करते. माझ्या मैत्रिणीनं डब्याची एक जुनी, चौकोनी कापडी पिशवी घेऊन आत कप्प्यांची पेटी ठेवली आहे. पेटी वेगळी विकत मिळते.

पाठीवरची बॅग खांद्यांना सुखाची, दोन्हींवर भार सारखा पडतो. डोंगर चढायचा असेल तर तीच घ्यावी. पण लोकलमध्ये ती पोटावर घ्यावी लागते, आणि लेन्स बदलायची तर दर वेळी उतरवून खाली ठेवावी लागते. चिखलात ठेवणार कुठे? एका खांद्यावरची बॅग पटकन पुढे ओढता येते, मात्र संध्याकाळी मान एका बाजूला धरून येते. पट्टा रुंद हवा, आणि आडवा घालता यावा इतका लांब.

आवाजाचं कुणी सांगत नाही. वेल्क्रो उघडतानाचा तो फाडल्यासारखा आवाज. झोपलेल्या बाळाच्या खोलीत, कीर्तनकार क्षणभर थांबला असताना, दिवसकार्याच्या घरी तो आवाज झाला की सगळे चेहरे वळतात, आणि वळलेला चेहरा आता फोटोचा उरत नाही. मैत्रिणीनं वेल्क्रोवर आतून कापडाची पट्टी शिवून टाकली आहे. झाकण नुसतं पडून राहतं. मोठी काळी बॅग, तिच्यावरचं ठळक नाव, चार चेन सरसर उघडणं, हे सगळं समोरच्याला आधीच सांगून टाकतं की आता काहीतरी मोठं होणार आहे. माणूस ताठतो. कापडी पिशवीतून निघालेल्या लहान लेन्सला तो एवढा घाबरत नाही.

पावसाळ्यातलं जाळं

बॅग प्रवासासाठी असते. लेन्सनं तिथे राहायचं नसतं. हे मी फार उशिरा शिकलो. एका जूनमध्ये काम संपवून माझी १३५ मिमीची लेन्स मी बॅगेतच ठेवली आणि बॅग कपाटात. बाहेर पाऊस, आत फोम. फोम ओल धरून ठेवतो. गणपतीत बॅग उघडली तेव्हा काचेच्या आत एका कडेपासून बारीक पांढऱ्या मुळ्या पसरलेल्या होत्या. बुरशी.

बोरा बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्या चाचांनी ती खोलली. आतल्या काचा कापडावर ओळीनं मांडल्या, कुठली कुठे याच्या खुणा केल्या, एकेक पुसली. बुरशी गेली, पण तिच्यातून सुटलेल्या आम्लानं काचेवरचा लेप खाल्ला होता. जाळ्याची सावली कायमची राहिली. उन्हाकडे तोंड केलं की फोटोवर अजून एक फिकट धुकं येतं. ज्या लेन्सनं मी वडिलांचे शेवटचे चांगले फोटो काढले, ती हीच. तिची मला अजूनही हळहळ वाटते.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली क्वचितच येते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. विजेवर चालणारं कोरडं कपाट असेल तर उत्तमच. नसेल तर घट्ट झाकणाचा धान्याचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. काटा चाळीस ते पन्नासच्या मधे ठेवायचा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करता येतं. डब्यात तांदूळ घालू नयेत. त्यांची पूड लेन्समध्ये जाते. आणि आठवड्यातून एकदा लेन्स काढून वापरावी. उजेडात आलेल्या, फिरत्या राहिलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

जेजुरीचा मुक्काम

सासवडनंतर पालखी जेजुरीला येते आणि खंडोबाची नगरी माउलींवर भंडारा उधळते. त्या दिवशी लेन्स बदलायची नाही, हा मैत्रिणीचा नियम. हळदीची ती पूड हवेत अर्धा-अर्धा तास तरंगते. कॅमेऱ्याचं तोंड उघडलं की ती सेन्सरवर जाऊन बसते, चेनच्या दातांत शिरते, झूमच्या सरकत्या नळीतून आत ओढली जाते. म्हणून सरकती नळी नसलेली एकच लेन्स, तिच्यावर पुढे साधा फिल्टर, बाकी सगळ्याला पातळ प्लास्टिकची पिशवी आणि रबर. तिनं त्या दिवशी ५० निवडली. "गर्दीत चार हात कोण देणार?" ती म्हणाली. दोन हात मिळाले तरी खूप होते.

संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर तिनं बॅगेचा सगळ्यात चपटा, पाठीकडचा कप्पा उघडला. त्यात लेन्स नव्हती. पाकिटं होती. दर पाकिटावर दिंडीचा क्रमांक, रथापुढे की रथामागे, आणि एक नाव. गेल्या वर्षी जिला जिला "आणून देते" म्हटलं, त्या सगळ्यांचे फोटो. दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे लाखांच्या वारीतही माणूस सापडतो. या कप्प्यासाठीच तिनं ती पिशवी निवडली होती.

तिसऱ्या राहुटीत ती बुगडीवाली बाई सापडली. भाकरी थापत होती. हात पुसून तिनं फोटो घेतला, आधी लांब धरला, मग कंदिलाजवळ नेला. शेजारच्या दोघी वाकल्या. हळदीनं पिवळ्या झालेल्या अंगठ्याचा ठसा फोटोच्या कडेला उमटला. बराच वेळ ती चेहरा सोडून कानाकडेच बघत होती.

"ही मोडली की औंदा," ती म्हणाली. "नातवाच्या फीला." मग पदराच्या टोकानं फोटोवरची हळद पुसली आणि मैत्रिणीला म्हणाली, "बस. भाकर खाऊन जा."